जेसेंटर गेलं तेव्हा

३ फेब्रुवारी २०२१. जेफ्रॉग कंपनीने जाहीर केलं, बिनट्रे आणि जेसेंटर बंद करतोय. अँड्रॉइड अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या पोटात गोळाच आला.

जेसेंटर म्हणजे जावा लायब्रऱ्यांचं कोठार. पूर्वी जार फायली हाताने डाउनलोड करून प्रोजेक्टमध्ये टाकायच्या. २००४ मध्ये मेव्हन १.० आलं आणि नाव-आवृत्ती लिहिली की फाईल आपोआप येऊ लागली. सोय झाली, पण ती येते कुठून, हे विचारायची सवय सुटली. जेसेंटरचा पत्ता तर अँड्रॉइड स्टुडिओच नव्या प्रोजेक्टमध्ये लिहून द्यायचा!

आता प्रोजेक्ट मोठा असेल तर? लॉगिनचं मॉड्यूल वेगळं, पेमेंटचं वेगळं, आणि प्रत्येकाच्या बिल्ड फाईलमध्ये कोठारांची आपापली यादी, बहुतेकदा कुठून तरी कॉपी केलेली. ग्रेडल त्या यादीत क्रमाने शोधतं. पहिल्या कोठारात मिळालं की पुढे बघत नाही. म्हणजे क्रम बदलला तर फाईलही दुसरीकडून येऊ शकते.

गंमत म्हणजे उपाय महिनाभर आधीच आला होता. जानेवारीतल्या ग्रेडल ६.८ मध्ये सगळ्या मॉड्यूल्सची कोठारं एकाच सेटिंग्ज फाईलमध्ये लिहिता येऊ लागली. कुणी मॉड्यूलमध्ये गुपचूप वेगळा पत्ता घातला, तर बिल्ड तिथेच थांबवायचीही सोय होती.

जेसेंटर पुढे फक्त वाचण्यापुरतं चालू राहिलं. पण ज्यांच्या लेखकांनी दुसरीकडे बिऱ्हाड हलवलंच नाही, त्या लायब्रऱ्यांना नवी आवृत्ती मिळाली नाही. त्यांच्यावर उभी असलेली अ‍ॅप्स मात्र लोकांच्या फोनमध्ये चालूच होती.