देशमुख गेले, चव्हाण राहिले

संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की सी. डी. देशमुखांचा राजीनामा येतोच. दिल्लीला ठणकावणारा मराठी माणूस वगैरे. मला मात्र देशमुखांइतकेच यशवंतराव चव्हाण इंटरेस्टिंग वाटतात, कारण त्यांनी राजीनामा दिला नाही!

आधी तारखा बघा. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं की मुंबई केंद्रशासित होणार. मुंबई पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि अर्थमंत्री देशमुख १९ तारखेला त्याच रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करत होते. म्हणजे राजीनामा लगेच आला नाही. ३ जूनला नेहरूंनी मुंबईतल्या सभेत पाच वर्षं केंद्रशासनाचं जाहीर करून टाकलं, त्यानंतर जुलैमध्ये देशमुख गेले. लोकसभेतलं त्यांचं निवेदन नुसतं मराठी अस्मितेचं नव्हतं. हा निर्णय मंत्रिमंडळासमोर आलाच नाही, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही, हे त्यांचे मुद्दे होते. आयसीएस माणूस शेवटी! प्रोसिजर मोडली की त्याचं डोकं फिरणारच.

इकडे चव्हाण. महाराष्ट्र आणि नेहरू यात निवड करायची तर मी नेहरूंना निवडेन, अशा अर्थाचं ते १९५५ च्या अखेरीस बोलून बसले होते. लोकांनी त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवलं. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक राज्य आलं आणि हे त्याचे मुख्यमंत्री. १९५७ च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवलं, चव्हाण स्वतः कराडमधून जेमतेम निवडून आले. सरकार वाचलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जिवावर.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. समितीचा प्रचंड मोर्चा रस्त्याच्या कडेला उभा! चव्हाणांनी तो अडवला नाही. लोकांना काय वाटतंय हे नेहरूंनी डोळ्यांनी बघितलं. दहा निवेदनांनी जे झालं नसतं ते त्या घाटात झालं, असं माझं मत आहे. अर्थात रस्त्यावर समितीच नसती तर दाखवायला चव्हाणांकडे होतं काय, हेही खरंच.

आमच्या धंद्यात हातात दुसरी ऑफर असलेला माणूसच मॅनेजरला तोंडावर नाही म्हणतो. देशमुखांचा राजीनामा मला छोटा करायचा नाहीये, पण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेल्या माणसाला कामाची काय वानवा? त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेसुद्धा. चव्हाणांकडे पक्ष सोडून दुसरं काहीच नव्हतं. शिव्या खात ते तिथेच बसून राहिले.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. मुख्यमंत्री चव्हाणच. समितीच्या ज्या लोकांनी त्यांना पिसाळ म्हटलं होतं, ते आता विधानसभेत त्यांच्या समोरच्या बाकांवर बसले होते.