ऐंशी टक्के खाटा आणि शंभर परिचारिका

मे २०२० च्या शेवटच्या दहा दिवसांतले दोन सरकारी कागद शेजारी ठेवून वाचायला हवेत. पहिला २१ मेचा. या आदेशाने महाराष्ट्र शासनाने खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांतील ८० टक्के खाटा ३१ ऑगस्टपर्यंत आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या आणि दरही बांधून दिले: वॉर्डातील विलगीकरणाला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. दुसरा कागद त्यानंतर तीन-चार दिवसांतला. वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाचे प्रमुख डॉ. तात्याराव लहाने यांनी केरळच्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांना लिहिलेले ते पत्र. महालक्ष्मी रेसकोर्सवर ६०० खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहत आहे, त्यासाठी ५० तज्ज्ञ डॉक्टर आणि १०० परिचारिका पाठवाव्यात, अशी त्यात विनंती आहे. एमबीबीएस डॉक्टरला महिना ८०,००० रुपये, एमडी-एमएस झालेल्याला दोन लाख, प्रशिक्षित परिचारिकेला ३०,००० असा मोबदलाही नमूद आहे.

खाटा ताब्यात घ्यायला एक आदेश पुरला. त्या खाटांपाशी उभी राहणारी माणसे मात्र दुसऱ्या राज्याकडे मागावी लागली. त्या वर्षी हृदयशस्त्रक्रियेचे जे झाले, ते या दोन कागदांच्या मधल्या जागेत शोधावे लागते.

ओपन हार्ट शस्त्रक्रियेला काय लागते, ते आधी पाहू. सर्जन आणि त्यांचे सहायक, भूलतज्ज्ञ, हार्ट-लंग मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट, थिएटरमधल्या सिस्टर, रक्तपेढीत राखून ठेवलेल्या रक्ताच्या पिशव्या. त्यानंतर आयसीयूची खाट, व्हेंटिलेटर, आणि पहिल्या रात्री शक्यतो त्या एकाच रुग्णाकडे पाहणारी अनुभवी परिचारिका. कोविडच्या अत्यवस्थ रुग्णालाही तीच खाट, तेच यंत्र, तोच भूलतज्ज्ञ आणि तीच सिस्टर लागते. थिएटर रिकामे असूनही शस्त्रक्रिया होत नाही, याचे कारण इथे आहे.

कागदांचा क्रम १४ मार्चपासून लावता येतो. मुंबईच्या प्लेगच्या वेळी, १८९७ साली केलेला अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा वापरून राज्याने त्या दिवशी कोविडविषयक नियम लागू केले. २० मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना कळवले की तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात. त्या घडीला हा सल्ला योग्यच होता. पण हृदयाच्या बाबतीत ‘नियोजित’ म्हणजे ‘थांबू शकणारी’ असे नसते. महाधमनीची झडप आकसलेला, चालताना चक्कर येऊन पडणारा माणूसही तारीख घेऊनच दाखल होतो. डावी मुख्य धमनी अरुंद झालेला रुग्ण ज्या दिवशी ओपीडीत बसलेला असतो, त्या दिवशी तो ‘तातडीचा’ नसतो. पुढच्या आठवड्यात असू शकतो.

आता एक कागद रेल्वेचा. २२ मार्चला प्रवासी गाड्या आणि मुंबईची लोकल बंद करण्याचा निर्णय झाला. साथीच्या वैद्यकीय इतिहासात तो सहसा धरला जात नाही, पण मला तो आरोग्य खात्याच्या परिपत्रकांइतकाच महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या रुग्णालयांतल्या सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, तंत्रज्ञ मोठ्या संख्येने कल्याण, बदलापूर, वसई, विरारला राहतात. अत्यावश्यक सेवेसाठी लोकल पुन्हा सुरू झाली ती १५ जूनला. मधल्या काळात बस, रुग्णालयाची गाडी किंवा हॉटेलातली खोली एवढेच मार्ग होते. मेच्या पहिल्या आठवड्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत काम करणाऱ्यांनी मुंबईतच राहावे, रोज ये-जा करू नये, असा आदेश काढला आणि विरोध होताच मागे घेतला. संसर्गाची भीती खरी होती. पण दिवसभर रुग्णांची सेवा करून घरी परतणाऱ्या बाईला तिच्याच शहराने वेशीवर अडवायचे ठरवले होते, हे त्या कागदात लिहिलेले आहे आणि ते विसरू नये. घरमालकांनी परिचारिकांना खोल्या सोडायला सांगितल्याच्या बातम्या मार्चपासून येतच होत्या. २२ एप्रिलला केंद्राने वटहुकूम काढून १८९७ च्याच कायद्यात आरोग्यसेवकांच्या संरक्षणाची तरतूद घातली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या ताणाने ठळक रूप घेतले. ६ एप्रिलला मुंबई सेंट्रलचे वोक्हार्ट रुग्णालय महापालिकेने प्रतिबंधित क्षेत्र जाहीर केले. २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले होते. सर्वांच्या सलग दोन चाचण्या निगेटिव्ह येईपर्यंत कोणी आत जायचे नाही, बाहेर यायचे नाही. हृदयोपचारासाठी नावाजलेले एक मोठे रुग्णालय एका दिवसात व्यवस्थेतून वजा झाले, तेही खाटा भरल्या म्हणून नव्हे. शहरातल्या आणखी काही मोठ्या खासगी रुग्णालयांनाही कर्मचारी बाधित झाल्याने त्याच काळात नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले.

त्याच महिन्यात महापालिकेचे नायर रुग्णालय कोविडसाठी राखीव झाले. मुंबईत गरिबाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्याची परंपरा पालिकेच्या रुग्णालयांनी घडवलेली आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातले पहिले हृदयारोपण केले ते केईएममध्ये. धुळ्याहून, रत्नागिरीहून, उत्तर प्रदेशातून कागदपत्रांची पिशवी घेऊन येणाऱ्या रुग्णासाठी केईएम, सायन, नायर हीच दारे. त्यांतले एक बंद झाले आणि उरलेल्या दोन्ही ठिकाणी कोविडचे वॉर्ड वाढत गेले. ६ मेला खासगी डॉक्टरांनी किमान १५ दिवस कोविड रुग्णालयांत सेवा द्यावी, असे आदेश निघाले. पंचावन्नच्या वरच्यांना सूट होती. त्यानंतर आला २१ मेचा आदेश, आणि मग केरळला पत्र.

सर्जनांच्या संकोचालाही आधार होता. २९ मेला ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविड झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले होते. छाती उघडून, फुप्फुसे थांबवून करायच्या शस्त्रक्रियेला हा आकडा नजरेआड करता येत नव्हता. त्याच गटाने आणखी एक अंदाज दिला होता: भारतात सुमारे ५ लाख ८० हजार नियोजित शस्त्रक्रिया रद्द किंवा लांबणीवर पडतील. वर्तमानपत्रांनी तो मथळ्यात छापला. तो गणिती प्रारूपातून काढलेला अंदाज होता, मोजणी नव्हती, एवढे भान त्याचा उल्लेख करताना ठेवले पाहिजे.

मोजणी नंतर आली. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १८७ रुग्णालयांतली माहिती गोळा केली, तेव्हा मध्य मार्च ते मध्य जून २०२० या काळात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसले. टाळेबंदीत झटकेच कमी आले, असा अर्थ काही जणांनी काढला. प्रदूषण घटले, धावपळ थांबली, त्याचा थोडा वाटा असेलही. पण वाहन नाही, रुग्णालयाची भीती, आणि दारात आधी कोविडची चाचणी, ही कारणे मला अधिक वजनदार वाटतात.

लहान मुलांची नोंद याहून कठोर आहे. बालहृदयरोगाच्या २४ केंद्रांनी एप्रिल ते ऑगस्ट २०२० ची तुलना २०१९ च्या त्याच महिन्यांशी केली. शस्त्रक्रिया ७३ टक्क्यांनी घटल्या. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच होणारे मृत्यू ४.३ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर गेले. आकडा दुपटीने वाढला म्हणून सर्जनांचा हात बिघडला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. थांबू शकणारी मुले थांबवली गेली, अधिक आजारी मुले टेबलावर आली आणि त्यामुळे प्रमाण बदलले. पण ‘थांबू शकणारी’ ही वेळही मोजकीच असते. जन्मतः महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेल्या बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत करणे उत्तम. नंतर डावा कप्पा अंगावर येणारा भार पेलण्याची ताकद गमावू लागतो. मार्चअखेर एखाद्या जिल्ह्याच्या गावी असे बाळ जन्मले असेल, तर रेल्वेची नियमित सेवा सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्याचे ते आठवडे संपले.

हे २४ केंद्रांपर्यंत पोचलेल्या मुलांचे आकडे आहेत. न पोचलेल्यांचा माग रुग्णालयांच्या दोन वह्यांत लागू शकतो: शस्त्रक्रियेच्या तारखा दिलेली वही आणि प्रत्यक्ष झालेल्या शस्त्रक्रियांचे ओटी रजिस्टर. २०२० च्या मार्चमध्ये कोणाला कोणती तारीख दिली होती आणि ते नाव पुन्हा कधी रजिस्टरवर आले, एवढे दोन रकाने समोरासमोर लावायचे आहेत. जुनी रजिस्टरे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम रुग्णालयांत असतो. निदान त्या वर्षाच्या वह्यांपुरता तो स्थगित ठेवावा.