मुंबई ते कराची : अंतर किती?

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या नोकरीच्या गोष्टी निघाल्या, की ठाणे, सुरत, धारवाड यांच्या जोडीला एखादे वेळी कराचीचेही नाव येते. मुले चमकतात. कराची म्हणजे परदेश, तिथे बदली कशी व्हायची? पण ती बदलीच असे. 1847 पासून 31 मार्च 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. हुकूम आला की कारकून आणि मास्तर ट्रंक बांधून बोटीत बसत. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातली मुले परीक्षा द्यायची ती मुंबई विद्यापीठाची.

सिंधच्या शिक्षणखात्यात गेलेले नारायण जगन्नाथ वैद्य हे त्यांतले ठळक नाव. तिथल्या सरकारी शाळांची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1855 साली सुरू झालेली कराचीची सरकारी शाळा आजही त्यांच्याच नावाने, एन. जे. व्ही. हायस्कूल म्हणून, उभी आहे. फाळणीनंतर रस्त्यांची नावे बदलली, हे नाव राहिले. याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

मुंबईहून कराची सरळ रेषेत सुमारे 875 किलोमीटर. दिल्ली याहून लांब, साडेअकराशेच्या घरात. बोटीला दोनएक दिवस लागत. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथ विमानातून निघाले. वजन जेमतेम 25 किलो. लंडनहून कराचीपर्यंत हवाई टपाल आधीच येत होते, पुढचा टप्पा त्यांनी जोडला. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल भरले. ते पेट्रोल आले होते बैलगाडीतून! पहाटे निघालेले विमान दुपारी दोनच्या सुमारास जुहूला टेकले. म्हणजे सात-सव्वासात तास. पुढे 1982 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जे. आर. डीं.नी तीच वाट पुन्हा एकट्याने उडून दाखवली.

फाळणीनंतर कराचीची बहुतेक मराठी कुटुंबे बोटीने इकडे आली. दोन शहरांमध्ये विमाने मात्र पुढेही चालू होती. 1965 आणि 1971 च्या युद्धांनी ती थांबली, 1976 साली पुन्हा सुरू झाली, 2002 च्या आरंभी बंद पडली, 2004 साली परत उडाली. जेट विमानाला दीड-पावणेदोन तास पुरत. आता थेट विमानच नाही. दुबईमार्गे जायचे तर आधी पश्चिमेला 1900 किलोमीटरांवर, मग तिथून साधारण 1200 किलोमीटर उलटे यायचे. हवेतच पाच तास जातात, मधला खोळंबा वेगळा. बैलगाडीच्या पेट्रोलवर उडालेले विमानच आधी पोहोचावे, असा हा हिशेब आहे. शिवाय व्हिसा मिळाला तर, आणि तोही ठरावीक शहरांपुरता.

कराचीत मागे राहिलेली थोडी मराठी कुटुंबे अजून आहेत. ती दरवर्षी गणपती बसवतात, आरत्या म्हणतात आणि विसर्जनाला मूर्ती अरबी समुद्रावर नेतात. त्यांच्यातल्या कुणाचे आतेभाऊ-मामेभाऊ मुंबईत असतील, कुणाचे आपल्या बडोद्यात. बडोदे तर कराचीला मुंबईहूनही जवळ, 700 किलोमीटरांच्या आत.