गोल्फ मैदान, माती आणि तळे : बडोद्यात परवानगी कोणाची?

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. गायकवाड राजघराण्याने १९३०च्या दशकात ते युरोपीय पाहुण्यांसाठी तयार करवून घेतले आणि १९९०च्या दशकात त्याचे नूतनीकरण झाले. संस्थानी काळात असे मैदान आखायला राजाची इच्छा पुरेशी होती. आज त्याच शहरात नवे मैदान करायचे, किंवा जुन्या मैदानात तळे खोदायचे, तर अनेक कार्यालयांचा संबंध येतो. गोव्यातही गोल्फ प्रकल्पांवरून वाद झाले असल्याने ही व्यवस्था समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एकच परवाना नाही

‘गोल्फ मैदानाचा परवाना’ असा स्वतंत्र कागद नसतो. जमिनीचा वापर, माती आणि पाणी या तीन बाबींकडे कायदा वेगवेगळा पाहतो. अठरा होलच्या मैदानाला साधारणपणे ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. उंचवटे, उतार व तळी यांसाठी एका जागची माती उचलून दुसरीकडे टाकली जाते. इमारत नगण्य असली तरी भूरूप पार बदलते.

जमीन व आराखडा

शहराच्या हद्दीत वडोदरा महानगरपालिका आणि हद्दीबाहेरच्या नियोजन क्षेत्रात वडोदरा नागरी विकास प्राधिकरण, म्हणजे ‘वुडा’, विकास परवानगी देते. गुजरातच्या १९७६च्या नगररचना व नागरी विकास कायद्यातील ‘विकास’ या संज्ञेत इमारतींप्रमाणेच जमिनीवरील वा जमिनीखालील अभियांत्रिकी व खाणकामही येते. त्यामुळे ‘आम्ही काही बांधत नाही’ हा युक्तिवाद पुरा पडत नाही. शेतजमीन असल्यास महसूल यंत्रणेची बिनशेती परवानगी लागते. घरे व हॉटेलांसह येणारा क्षेत्रविकास प्रकल्प ५० हेक्टर वा त्याहून मोठा असेल, तर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पूर्वपर्यावरणीय मंजुरीचा प्रश्न येतो.

माती : आवारात की आवाराबाहेर?

भराव वा सपाटीकरणासाठी बांधकामात वापरली जाणारी साधी माती केंद्राने २०००मध्ये गौण खनिज ठरवली. खोदलेली प्रत्येक माती मात्र आपोआप त्यात मोडत नाही. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये मातीचा प्रत्यक्ष वापर कशासाठी झाला, हे तपासणे आवश्यक मानले. पायासाठी खोदलेल्या मातीवर सरसकट स्वामित्वधन आकारता येणार नाही, असा त्याचा आशय. माती ट्रकने बाहेर जाऊ लागली, विकली गेली किंवा बाहेरून आणली गेली, की खनिज विभागाची परवानगी, स्वामित्वधन व वाहतूक पास हे मुद्दे उभे राहतात. म्हणून खोदाईचे आणि भरावाचे घनमीटर आराखड्यातच मांडणे हिताचे असते.

तळे नवे की जुने?

२०१७च्या पाणथळ जागा नियमांतून करमणूक वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली कृत्रिम तळी वगळलेली आहेत. गावतळे, नैसर्गिक पाणथळ किंवा ओढा मैदानात सामावून घेणे हा मात्र वेगळा विषय आहे. सार्वजनिक तळी बुजवून अन्य वापरासाठी देऊ नयेत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००१मधील हिंचलाल तिवारी प्रकरणात स्पष्ट केली. तळे कूपनलिकेच्या पाण्याने भरायचे असल्यास भूजल उपशाच्या परवानगीचीही चौकशी करावी लागते.

बडोद्यात आणखी एक बाब आहे. पावागडातून येणाऱ्या विश्वामित्री नदीत शहराच्या मध्यभागीही मगरी राहतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. नदीकाठच्या खोदकामात वन विभागाला म्हणूनच वगळता येत नाही.

पुराचा धडा

विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेले आणि शहराचे अनेक भाग दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले. पुढील उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. एका मैदानामुळे पूर येत नाही. मात्र सखल जागा भरली, कोतर बुजवले, की तेथे मुरणारे वा पसरणारे पाणी शेजारच्या वस्तीत शिरते. परवानगीच्या कागदात पावसाचे पाणी कोठून येईल आणि कोठे जाईल याचा नकाशा नसेल, तर बाकीच्या शिक्क्यांचा त्या वस्तीला काही उपयोग नाही.

गोव्यासाठी

गोव्याच्या १९७४च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातील कलम १७-अ डोंगरकापणी व सखल भाग भरण्यावर निर्बंध घालते. पेडण्यातील तेरेखोलच्या नियोजित गोल्फ प्रकल्पात कूळ हक्कांचा प्रश्न तीव्र झाला होता, हेही वाचकांना आठवत असेल.

आपल्या गावाजवळ असे काम सुरू झाल्यास नागरिकाने पंचायत वा पालिकेकडे चार कागद मागावेत : मंजूर आराखडा, खोदाई-भरावाचा हिशेब, निचऱ्याचा नकाशा आणि तळ्याच्या पाण्याचा स्रोत. कार्यालयाने टाळाटाळ केली, तर माहिती अधिकार कायदा २००५खाली अर्ज करता येतो. हा अर्ज पावसाळ्याआधी करावा. भराव पक्का झाल्यावर मूळ उतार सिद्ध करणे फार कठीण जाते.