ट्रकचे नाव

तुर्की शब्दकोशात ‘तिर’ या शब्दाचा अर्थ मला मोठी मालमोटार असा सापडतो. पोलिश भाषेतही तोच. मूळ मात्र आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतुकीच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे: टी, आय, आर. 1949 साली युद्धाने मोडलेल्या युरोपात ही व्यवस्था सुरू झाली. 1959 मध्ये तिचा रीतसर आंतरराष्ट्रीय करार झाला. निघताना जकात अधिकारी मालाला सील लावतो, वाटेतले देश एरवी ते फोडत नाहीत. जकात बुडाली तर हमीदार संस्था भरते. युरोप-आशिया मार्गावरच्या ट्रकांवर निळ्या पाटीत ही अक्षरे असत. लोकांनी ट्रकलाच ते नाव दिले.

पाकिस्तान 2015 मध्ये, भारत 2017 मध्ये करारात आला. तरी अमृतसरचा सीलबंद ट्रक वाघ्यावरून इस्तंबूलला जात नाही. शेजाऱ्यावरचा विश्वास नुसत्या सहीने येत नाही.