पोळा : सातबाऱ्यावर न चढलेली नोंद

स्मरणिकेसाठी ‘आपल्या जागेचा इतिहास’ तुम्हीच लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. पंचवीस वर्षांपूर्वी सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा जागेची कागदपत्रे तपासायचे काम सभासदांनी माझ्याच गळ्यात घातले होते. बँकेत उभे आयुष्य सातबारे वाचण्यात गेले, त्यामुळे नाही म्हणता आले नाही. तेव्हा काढलेली सातबाऱ्याची नक्कल माझ्याकडे अजून आहे. सातवर मालकाचे नाव, बारावर पिके : ज्वारी, तूर, हरभरा. विहिरीचीही नोंद आहे. आज जिथे आपल्या गाड्या उभ्या राहतात, तिथे ती विहीर होती.

पण एक नोंद त्यात नाही. ज्या बैलांनी ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली त्यांचा उल्लेख सातबाऱ्यावर कुठेच नसतो. आपल्या समाजाने त्यांची नोंद एकाच ठिकाणी ठेवली, ती म्हणजे श्रावणातल्या अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी. म्हणून जागेचा इतिहास लिहायला बसलो आणि लेख पोळ्यावर गेला. सभासदांनी गोड मानून घ्यावा.

माझे गाव कळंब तालुक्यातले. जन्म १९५१ चा. म्हणजे निजामाचे राज्य जाऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. आमच्याकडे एखाद्याची ऐपत एकरात सांगत नसत, औतात सांगत. ‘चार औतांचं घर आहे’ म्हटले की सोयरीक जुळवणाऱ्याला पुढचे विचारावे लागत नसे. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करायचा. नांगरट अडली तर गाव इर्जिक घालायचे. सगळे आपापली औतं घेऊन एकाच्या रानात उतरत आणि त्या घरी जेवण असे. काळ्या रानातली हरळी काढायची तर लाकडी नांगराला दोन-दोन, तीन-तीन जोड्या जुंपाव्या लागत.

नांगरट, कुळवणी, तिफणीवर पेरणी, कोळपणी, विहिरीवरची मोट, खळ्यावरची मळणी, शेवटी धान्याची गाडी बाजाराला. वर्षभर बैलाच्या खांद्यावरचे जू फारसे उतरतच नसे. त्याच्यामागे सगळे गाव राबायचे. सुताराने तिफण भरायची, लोहाराने फाळ शेवटायचे, चर्मकाराने मोट शिवायची, मातंग कारागिराने अंबाडीचे कासरे, वेसण, म्होरक्या वळायच्या. त्याचे बलुते खळ्यावर मिळे. ही व्यवस्था सगळ्यांना सारखा न्याय देणारी होती असे मी म्हणणार नाही. पण ती बैलाच्या खांद्यावर उभी होती, हे खरे.

बैलांच्या जातीही आपल्या भागाच्याच. लातूर १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याआधी उदगीर, देवणी हा भाग आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होता. तिथली देवणी प्रसिद्ध. अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, तोंडाच्या बाजूला काळा असलेला वानेरा आणि जवळजवळ सगळा पांढरा तो बालंक्या. नांदेडकडचा लाल कंधारी काटक. सोलापूर-माणदेशाकडचा खिल्लार चालीला चपळ, पण तापट. बैल घ्यायला लोक हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला नाहीतर माळेगावच्या यात्रेला जात. वय दातावर ठरे : दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला.

आता पोळा. हा सण श्रावण अमावास्येलाच का, याचे उत्तर शेतीत आहे. खरिपाची पेरणी आणि कोळपणी झालेली असते, शाळूची पेरणी अजून पुढे असते. बैलाला जरा उसंत मिळते ती याच दिवसांत. कर्नाटकात कारहुणवी ज्येष्ठात आणि पश्चिम महाराष्ट्रात बेंदूर त्यानंतर येतो. जिथले जसे पाऊसमान तशी बैलाची सुट्टी.

आदल्या संध्याकाळी खांदेमळण. जू जिथे टेकते तो खांदा वडील गरम पाण्याने शेकायचे, मग हळद आणि तूप चोळायचे. कुठे गाठ आली आहे, कुठे कातडे सोलले आहे, हे त्या वेळी हाताला कळायचे. आजच्या भाषेत ती बैलाची वार्षिक तपासणीच होती. मग त्याच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. लहानपणी मला वाटायचे, बैल मान हलवून ‘येतो’ म्हणतो.

दुसऱ्या दिवशी बैल ओढ्यावर नेऊन धुवायचे. शिंगे साळून त्यांना हिंगूळ, वर बेगड आणि टोकाला पितळी शेंब्या. नवी वेसण, नवा कासरा, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळाला बाशिंग. दुपारनंतर सगळ्या जोड्या वेशीत जमत. पाटलाचा मानाचा बैल पुढे. यावरून भांडणेही होत. कोणाची जोडी कोणाच्या पुढे गेली म्हणून वर्षवर्ष बोलणे बंद झालेली घरे मी पाहिली आहेत. बैलांपुढे मंगलाष्टके म्हणत. आंब्याच्या पानांचे तोरण तुटले की ‘पोळा फुटला’ असा गलका व्हायचा आणि मारुतीला फेरी घालून बैल घरी यायचे. आई त्यांच्या पायांवर पाणी घालायची, ओवाळायची आणि पुरणपोळी चारायची. बैलाने घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवत नसे. त्या दिवशी बैल जुंपायचा नाही आणि त्याला मारायचे नाही, हा दंडक होता.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माणसांसाठी खडी फोडायची कामे निघाली, सुकडी मिळाली, मिलो आला. जनावरांसाठी काय होते? कडब्याच्या गंजी संपल्या, लोकांनी छपरावरचे पाचट उपसून बैलांपुढे टाकले. आमची हौशा आणि गबऱ्या ही जोडी वडिलांनी बाजारात नेली. संध्याकाळी ते परत आले ते दोन कासरे खांद्यावर टाकून. किती पैसे आले ते त्यांनी मरेपर्यंत सांगितले नाही.

पुढच्या पोळ्याला आमचा गोठा रिकामा होता. आईने ओढ्याची माती आणून दोन बैल केले, पाटावर मांडले. ज्याच्याकडे बैल नाही त्याने मातीच्या बैलांची पूजा करावी ही जुनीच रीत. तिने त्या मातीच्या बैलांच्याही खांद्यांना हळद लावली. वडील घरात आले नाहीत, ओट्यावरच बसून राहिले.

१९७४ ला मी बँकेत लागलो. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका खेड्यात आल्या होत्या. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या तालुक्यांत सुरू झाला आणि आम्ही बैलजोडीसाठी कर्जे वाटू लागलो. सातबाऱ्यावर नसलेला बैल आमच्या कागदावर मात्र आला. रंग पांढरा, शिंगे मागे वळलेली, चार दाती. विम्यासाठी त्याच्या कानात बिल्ला ठोकत. बैल मेला तर पंचनामा आणि तो बिल्ला लागे. बिल्ला नाही तर दावा नाही. हौशाचा बाजार पाहिलेला मी, तीच वाक्ये रोज तिऱ्हाइतासारखी लिहीत होतो.

एका वर्षी वसुलीचे उद्दिष्ट डोक्यावर होते. मी मोटारसायकलवर एका गावात थकबाकीदाराकडे गेलो. तो अंगणात बैलाचा खांदा चोळत बसला होता. तिथी माझ्या लक्षातच नव्हती. मी तारण, जप्ती असले शब्द वापरले. त्याने हात न थांबवता सांगितले, “सायेब, आज खांदेमळण हाय. उद्या तर आमी बैलाला चाबूक बी दावत न्हाई. तुमी आजच कसं आलाव?”

शेतकऱ्याच्या पोराला हे एका शेतकऱ्याने सांगावे लागले. मी बॅग बंद केली. त्याने चहा पाजला, मग मला न विचारताच तुपाची वाटी माझ्यापुढे सरकवली. दुसऱ्या बैलाचा खांदा मी चोळला. तीन आठवड्यांनी तो स्वतः शाखेत येऊन अर्धा हप्ता भरून गेला. उरलेले पैसे यायला बराच काळ लागला. पण त्यानंतर नोकरी संपेपर्यंत पोळ्याच्या आठवड्यात मी वसुलीला कधी गेलो नाही. वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

बैल एका दिवसात गेला नाही, एकेक काम त्याच्या खांद्यावरून उतरत गेले. आधी ऑइल इंजिन आणि विजेच्या मोटारीने मोट नेली. मग मळणी यंत्राने खळे नेले. ट्रॅक्टरने नांगर नेला, शेवटी पेरणीही नेली. त्या ट्रॅक्टरांच्या कर्जप्रकरणांवर माझ्याही सह्या आहेत आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पहाटे तीनला उठून मोट हाकणाऱ्या वडिलांचे पाय मी पाहिले आहेत. ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्याने एक दिवस मोट हाकून बघावी.

तरी एक कारण फारसे बोलले जात नाही. ज्वारी होती तोवर दाण्याबरोबर कडबा यायचा. माणसाचे आणि बैलाचे पोट एकाच पिकावर भरायचे. नव्वदीनंतर आपल्या भागात सोयाबीन आले. पैसा आला, पण कडबा गेला. वाटण्या होऊन तुकडे झालेल्या रानावर जोडी सांभाळणे परवडेना. भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्यांमुळे गोठे भरलेले राहिले, पण ते दुभत्या जनावरांनी. २०१९ च्या पशुगणनेत देशातला नर गोवंश आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला दिसला. २०२२ मध्ये लम्पी आला आणि जनावरांचे बाजारही काही काळ बंद ठेवावे लागले. आता चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या पुढे गेली आहे. माझ्या गावात बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या उरल्या आहेत. वेशीत ट्रॅक्टरलाही हार घालून उभे करतात. मी हसत नाही; पोट भरणाऱ्याला हार घालायची रीत त्यांनी सोडलेली नाही.

गेल्या पोळ्याला आपल्या गेटवर एकजण सजवलेली जोडी घेऊन आला होता, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. महिलांनी ओवाळले, मुलांनी फोटो काढले, कोणी दहा, कोणी वीस रुपये दिले. मी जवळ जाऊन झूल जराशी सरकवली आणि खांद्यावरून हात फिरवला. खांदा मऊ होता. जुवाचा घट्टा नव्हता. त्या बैलांनी नांगर ओढलेलाच नसावा. ते पोळ्यापुरतेच राखलेले असतील. मालकाला काही विचारले नाही. निदान त्याने राखले तरी.

रौप्यमहोत्सवी वर्षात माझ्या दोन सूचना आहेत. येत्या पोळ्याला सोसायटीतल्या मुलांनी मातीचे बैल करावेत. खांदा कुठे असतो आणि त्याला हळद का लावतात, हे दाखवायला मी येईन. दुसरे, आपल्या जागेच्या सातबाऱ्याची ती नक्कल मी चौकट करून सोसायटीच्या कार्यालयाला देतो आहे. तिच्या खाली हाताने एक ओळ लिहिली आहे : ‘ही जमीन बैलांनी कसली.’ तलाठ्याच्या सहीशिवायची नोंद आहे, पण ती सभासदांनी मान्य करावी, ही विनंती.