चावडी आणि धूळपाटी : मराठी विकिपीडियाच्या दर्शनी मांडणीस लाभलेल्या समाजप्रतिसादाचा इतिहास

प्रस्तावना

‘माळशिरस’ हे पाच अक्षरांचे नाव संगणकावर लिहिणे आज सोपे वाटते. मात्र २००३ च्या सुमारास ते तसे नव्हते. त्यातील ‘ळ’ रोमन कळफलकावर नाही आणि हिंदीच्या नित्य लेखनातही नाही. ‘श’ उमटला तरी तो मराठी वळणाचा उमटेलच असे नव्हते. याच तालुक्यातील ‘वेळापूर’ लिहिताना ‘ळ’ची अडचण पुन्हा येते, तर ‘अकलूज’ लिहिताना ‘ल’च्या वळणाची. ज्या संकेतस्थळावर कोणीही लिहावे अशी अपेक्षा आहे, त्याच्या दर्शनी मांडणीचा, म्हणजे इंटरफेसचा, विचार मराठीत अशा अक्षरांपासूनच करावा लागतो. वापरणाऱ्यांच्या समाजाने या मांडणीवर कोणता प्रतिसाद दिला आणि त्याचे पुढे काय झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात मराठी विकिपीडियाच्या संदर्भात घेतला आहे.

इंग्रजी विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजी झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. मराठीत कोशनिर्मितीची परंपरा त्यापूर्वीही होतीच. डॉ. श्री. व्यं. केतकरांचा ज्ञानकोश विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सिद्ध झाला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. या कोशांच्या वाचकाला चूक आढळली तर संपादकांना पत्र लिहिणे एवढाच मार्ग होता. पानाची रचना, टंक, शीर्षकाची जागा यांविषयी त्याचे मत विचारण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

बटणावरील शब्द

विकिपीडिया ज्या मीडियाविकी या आज्ञावलीवर चालतो, तिचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटते. पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द, मग तो ‘संपादन’ असो वा ‘इतिहास’, हे तिच्यात एक स्वतंत्र पान असते. त्या पानाला स्वतःचे चर्चापान असते आणि स्थानिक प्रचालकास तो शब्द बदलता येतो. म्हणजेच सूचना आणि दुरुस्ती यांमध्ये कंपनी, कंत्राटदार किंवा शासकीय समिती येत नाही. आरंभीच्या वर्षांत मराठी सदस्यांनी मांडणीवर जे मतप्रदर्शन केले, त्याचे सर्वांत टिकाऊ रूप या शब्दांतच सापडते.

इंग्रजीतील सामूहिक चर्चेच्या पानाचे नाव गावच्या पाणवठ्यावरील पंपावरून आले आहे. मराठीत त्याचे शब्दशः भाषांतर न करता ‘चावडी’ हे नाव घेतले गेले. सरावासाठी असलेल्या पानाला इंग्रजीत वाळूचा हौद म्हणतात. मराठीत त्याची ‘धूळपाटी’ झाली. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून अक्षर गिरवायचे, चुकले की हात फिरवून पुसायचे, ही क्रिया त्या पानाच्या प्रयोजनाशी इतकी जुळते की मूळ इंग्रजी शब्दच त्यापुढे उसना वाटावा. स्वयंचलित आज्ञावलीस ‘सांगकाम्या’ म्हटले गेले. सांगितले तेवढेच करणारा आणि स्वतःची अक्कल न चालवणारा, ही त्या शब्दातील किंचित हेटाळणी येथे तंतोतंत लागू पडते.

याउलट ‘प्रचालक’, ‘स्वीकृती अधिकारी’ ही पदनामे निराळ्या घराण्याची आहेत. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली. त्यानंतर पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश यांनी रुळवलेल्या संस्कृतनिष्ठ परिभाषेचे वळण त्यांत स्पष्ट दिसते. एकाच पडद्यावर गावगाड्याची आणि कचेरीची अशा दोन मराठी शेजारी शेजारी नांदतात. कोणत्याही एका मंडळाने बसून हे ठरवले असते तर असा संकर टिकला नसता. ‘चावडी’ या निवडीविषयी मात्र एक नोंद करणे आवश्यक आहे. इतिहासातील चावडीवर सर्व जातींच्या लोकांना आणि स्त्रियांना बरोबरीने बसता येत नव्हते. मुक्त सहभागाच्या जागेला हे नाव देताना आपलेपणा आला, पण शब्दाचा हा भूतकाळ त्यातून पुसला गेला नाही.

पुढे २००६ च्या सुमारास निक्लास लाक्सस्ट्रॉम यांनी सुरू केलेल्या, आज ट्रान्सलेटविकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतस्थळावर या भाषांतराचे केंद्रीकरण झाले. एकदा केलेले भाषांतर मराठी विक्शनरी, विकिबुक्स अशा सर्व प्रकल्पांस मिळू लागले, हा लाभ मोठा होता. तथापि शब्दाची चर्चा चावडीवरून उठून जेथे मोजकेच मराठी भाषक फिरकतात अशा ठिकाणी गेली. हा बदल लहान वाटतो, पण त्याचे परिणाम दूरगामी झाले असे म्हणावे लागेल.

लिपीचा प्रश्न

शब्दांपेक्षा लिपीची अडचण अधिक बिकट होती. विंडोज ९८ वर युनिकोड देवनागरीऐवजी बहुधा चौकोनच दिसत. विंडोज एक्सपीवर जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी वेगळी सोय सुरू करावी लागे. महाविद्यालये आणि मुद्रणालये श्रीलिपी, आकृती अशा जुन्या टंकांवर काम करीत. त्यांतील मजकूर विकिपीडियावर तसाच चिकटवता येत नसे. त्यामुळे नवागताची पहिली तक्रार लेखाच्या आशयाविषयी क्वचितच असे. ‘दिसत कसे नाही’ आणि ‘लिहायचे कसे’ हेच त्याचे प्रश्न असत.

युनिकोडमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांना एकेकच संकेतांक आहे. वळण मराठी असावे की हिंदी, हे टंक ठरवतो. विंडोजसोबत येणाऱ्या मंगल टंकाचे वळण हिंदीचे होते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हे मराठीचे प्रमाण रूप ठरवून दिले, परंतु वाचकाच्या संगणकातील टंक शासन निर्णयाने बदलत नाही. ‘पहाऱ्याची सूची’ या विकिपीडियाच्याच शब्दातील ‘ऱ्या’ दोन रीतींनी संकेतबद्ध होऊ शकतो. एका रीतीत ‘र’ नंतर अदृश्य जोडचिन्ह येते, तर दुसरीत नुक्त्याचा ‘ऱ’ वापरला जातो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण शोधयंत्राच्या दृष्टीने ते भिन्न शब्द ठरू शकतात. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. अशा शीर्षकांच्या दुहेरी नोंदी पुनर्निर्देशनाने जुळवण्याचे कंटाळवाणे काम स्वयंसेवकांच्या वाट्याला आले.

लेखनासाठी २०११ मध्ये ‘नारायम’ ही सोय भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर आली. तिच्या लिप्यंतर पद्धतीत मोठा ‘एल’ दाबला की ‘ळ’ उमटतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘ल’च्या कळीसोबत शिफ्ट दाबावी लागते. नारायमची जागा २०१३ मध्ये व्यापक भाषा निवडकाने घेतली. पाने मंद होतात या कारणास्तव जानेवारी २०१४ मध्ये बहुतेक विकिप्रकल्पांवर तो तात्पुरता बंद ठेवण्यात आला. वेगाचे मोजमाप अचूक असेलही. परंतु ज्याच्या संगणकावर मराठी कळफलक नाही, त्याला पान किती क्षणांत उघडते यापेक्षा त्यावर लिहिता येते का हे महत्त्वाचे असते.

बाहेरून आलेली मांडणी

पानाच्या एकूण स्वरूपाबाबत निर्णयाचे केंद्र मराठीबाहेरच राहिले. २००४ मध्ये मोनोबुक, २०१० मध्ये व्हेक्टर आणि त्यानंतर ‘व्हेक्टर २०२२’ अशी रूपे आली. मोठ्या समाजांनी प्रतिकार केल्याची उदाहरणे ठळक आहेत. १ जुलै २०१३ रोजी इंग्रजी विकिपीडियाच्या नोंदणीकृत सदस्यांपुढे आलेला दृश्य संपादक तेथील समाजाने सप्टेंबरमध्ये पुन्हा ऐच्छिक करवून घेतला. ऑगस्ट २०१४ मध्ये चित्रदर्शकावरून जर्मन समाज व विकिमीडिया फाउंडेशन यांच्यात संघर्ष झाला. प्रचालकांनाही बदलता येणार नाही असे ‘महासंरक्षण’ फाउंडेशनने लादले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते मागे घेतले. इंग्रजी विकिपीडियावर १८ जानेवारी २०२३ रोजी नवे रूप लागू झाल्यावर जुन्याकडे परतण्याचा प्रस्ताव आला. प्रदीर्घ चर्चेनंतरही नवे रूप कायम राहिले, मात्र ओळीच्या रुंदीविषयीच्या तक्रारीची दखल घेतली गेली.

या संघर्षांत संख्याबळ होते. मराठीसारख्या प्रकल्पावर नियमित लिहिणारे थोडे असतात. सल्लामसलतीची मूळ निवेदने इंग्रजीत येतात, मुदत संपते आणि उत्तर न आल्यास बदल मान्य आहे असे धरले जाण्याचा संभव राहतो. पण येथील मौन संमतीचे असतेच असे नाही. बरेचदा निवेदन मराठीत पोहोचलेलेच नसते. ज्या समाजाने ‘सांगकाम्या’सारखा शब्द घडवला, त्याला मांडणीविषयी मत नव्हते असे मानणे कठीण आहे.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर या पालखीमार्गावरील गावांची माहिती शोधणारा वाचक आज बहुधा मोबाइलवर येतो. समाजाच्या पानांकडे नेणारी बाजूची पट्टी तेथे तीन रेघांच्या खुणेमागे गेलेली असते, आणि ती खूण न दाबणाऱ्या वाचकाला येथे एक चावडी आहे याचा पत्ताही लागत नाही.